मोठ्या मोटारसायकलीवरचे पहिले महिने

मा. संपादक,

महोदय,

लहान मोटारसायकल एक्स्चेंजमध्ये देऊन मोठी घेणाऱ्या चालकाला गाडी ताब्यात मिळताना कागदपत्रे, किल्ल्या आणि पहिल्या सर्व्हिसिंगची माहिती दिली जाते. परंतु ही गाडी आपल्याला नव्याने शिकावी लागणार आहे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. अनेक वर्षे शंभर सीसीची मोटारसायकल चालवल्यानंतर अलीकडेच मी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची गाडी घेतली. या बदलाच्या काळात चालकाने हातापायांच्या कोणत्या सवयी मोडायच्या आणि कोणत्या नव्याने लावून घ्यायच्या, याविषयी फारच थोडे बोलले आणि लिहिले जाते, आणि त्या मौनाची किंमत चालकाला स्वतःच्या हाडांनी मोजावी लागू शकते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

‘मला गाडी येते’ हा विश्वास बाळगूनच आपण मोठ्या गाडीवर बसतो. तो विश्वास कितपत पुरतो, हे पाहण्यासाठी एका जुन्या पण आजही महत्त्वाच्या अभ्यासाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि त्याचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावर मोटारसायकल चालवण्याचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता. मात्र ज्या गाडीवर अपघात झाला, त्या गाडीचा अनुभव त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना पाच महिन्यांचाही नव्हता. ही नोंद लहानमोठ्या सर्वच गाड्यांविषयीची असल्यामुळे तीवरून मोठी गाडी अधिक घातक असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तरीही जुन्या गाडीवर बसलेला हात नव्या गाडीवर आपोआप बसत नाही, एवढे तरी तीवरून मानायला हवे.

पहिला आणि सर्वांत मोठा फरक वजनाचा आहे, आणि तो वेगात नव्हे तर गाडी जवळजवळ थांबलेली असताना जाणवतो. शंभर सीसीची गाडी साधारण ११० किलोची असते, तर साडेसहाशे सीसीची गाडी २०० किलोच्या पुढे जाते. गाडी सरळ उभी असेपर्यंत हा सगळा भार टायरमधून जमिनीत उतरतो आणि चालकाला तो कळतही नाही. ती थोडी कलली की त्यातला काही भार चालकाच्या पायावर येतो, आणि कल दुप्पट झाला की हा भारही जवळपास दुप्पट होतो. लहान गाडी बरीच कललेली असतानाही एका पायाच्या जोरावर सावरता येते आणि वर्षानुवर्षे तसे सावरत आल्यामुळे ती सवय अंगात मुरलेली असते. मोठ्या गाडीच्या बाबतीत हीच सवय घात करते, कारण ठराविक कोनापलीकडे गेलेली गाडी माणसाच्या ताकदीने थांबत नाही. त्या क्षणी तिला धरून ठेवण्याचा हट्ट न करता सोडून देऊन बाजूला होणे हेच शहाणपणाचे असते. हँडल आणि इंडिकेटर बदलता येतात, पण गुडघा आणि कंबर यांची दुरुस्ती सोपी नसते.

मुळात ती वेळच येऊ नये, यासाठी थांबण्याची पद्धत बदलावी लागते. हँडल वळलेले असताना, अगदी पायी चालण्याच्या वेगात, पुढचा ब्रेक पकडला की गाडी वळलेल्या बाजूला धाडकन झुकते. जड गाड्या उभ्याने पडतात त्यांतील अनेक याच कारणाने पडतात. म्हणून शेवटचे दोन-तीन मीटर राहिले असताना हँडल सरळ करणे, पुढचा ब्रेक हळुवार सोडत मागच्या ब्रेकवर गाडी थांबवणे आणि कोणता पाय खाली टेकवायचा हे आधीच ठरवणे, या तिन्ही गोष्टी जाणीवपूर्वक कराव्या लागतात. पाय टेकवण्याच्या जागी खडी, वाळू, सांडलेले ऑइल किंवा खड्डा नाही ना, हेही पाहावे लागते. लहान गाडीवर इतका विचार करण्याची गरज भासत नाही.

संथ वेगात वळण घेण्याचे तंत्रही निराळे आहे. गर्दीतून जाताना किंवा यू-टर्न घेताना आपण लहान गाडीवर दोन्ही पाय खाली सोडून गाडी ढकलत नेतो. मोठ्या गाडीत दोन चाकांमधले अंतर अधिक असल्यामुळे तिला वळायला जागा जास्त लागते, आणि खाली सोडलेले पाय तिला आधार देण्याऐवजी तिचा तोल बिघडवतात. पाय फुटरेस्टवर, क्लच अर्धा धरलेला, थ्रॉटल स्थिर आणि मागच्या ब्रेकवर हलका दाब, अशा स्थितीत गाडी अगदी सावकाश चालूनही स्थिर राहते. अर्ध्या क्लचने प्लेटा जळतील ही भीती अनेकांना वाटते. परंतु बहुतेक मोटारसायकलींच्या क्लच प्लेटा ऑइलात भिजलेल्या असतात आणि थोड्या वेळाचे हे घसरणे त्या सहज सहन करतात. यात सर्वांत अवघड भाग नजरेचा आहे. चालक ज्या बाजूला पाहतो तिकडे गाडी जाते. पुढच्या चाकाजवळच्या खड्ड्याकडे पाहत राहिले तर ती खड्ड्यातच जाते. यू-टर्न घेताना मान पूर्ण फिरवून, वळून जिथे पोहोचायचे आहे त्या टोकाकडे पाहणे, हे वाचायला सोपे वाटले तरी पाठीमागे दोनशे किलोचे धूड आहे हे माहीत असताना ते करायला मोठा संयम लागतो. मोकळ्या मैदानावर केलेल्या सरावाशिवाय तो येत नाही.

गाडी उभी करतानाही आधी विचार करावा लागतो. उताराकडे तोंड करून लावलेली लहान गाडी आपण मागे ओढून काढतो. मोठी गाडी निघत नाही. चढाकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये आणि साइड स्टँडखालची जमीन घट्ट आहे हे पाहूनच ती लावावी. गाडी पडलीच तर प्रथम इंजिन बंद करावे आणि, उजवीकडे पडली असेल तर, उचलण्याआधी साइड स्टँड खाली उघडून ठेवावा, म्हणजे ती सरळ होऊन दुसऱ्या बाजूला जाणार नाही. उचलताना गाडीकडे पाठ करून, कमरेचा भाग सीटला टेकवून, पायांच्या ताकदीने मागे सरकत उचलावी. समोरून वाकून, पाठीच्या जोरावर उचलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

आता वेगाकडे वळतो, कारण माझ्या मते खरा फसवणारा बदल तिथे आहे. शंभर सीसीच्या गाडीने ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठला की तिचे इंजिन ओरडू लागते, हँडल थरथरते, पायाखाली कंप जाणवतो आणि वारा छातीवर येतो. वर्षानुवर्षे आपण वेग काट्यावरून नव्हे, तर या आवाजावरून आणि कंपावरून ओळखत आलेलो असतो. मोठी गाडी त्याच वेगात अगदी शांत असते. तिला त्यात काही श्रमच पडत नाहीत. त्यामुळे आपण साठने जात आहोत असे मनाला वाटत असताना काटा नव्वदवर गेलेला असू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ताशी ९० किलोमीटर वेगात २५ मीटर. समोरचा धोका ओळखून बोटे ब्रेकवर पोहोचेपर्यंतच हे अंतर संपलेले असते. त्यानंतर ब्रेक लागून थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साठवरून नव्वदवर गेल्यास ते सव्वादोनपट होते. पहिल्या महिन्यांत कानांवर विसंबून न राहता काट्याकडे वारंवार पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जड गाडी थांबायला केवळ वजनामुळे फार अंतर घेते, हा समज मात्र पूर्ण बरोबर नाही. वजन वाढते तशी टायरची रस्त्यावरची पकडही वाढते. चांगल्या टायरची आणि चांगल्या ब्रेकची मोठी गाडी उत्तम थांबते, पण चालकाने ब्रेक नीट वापरला तरच. ड्रम ब्रेक असलेल्या लहान गाडीवर आपण मागच्या ब्रेकवर जोरात पाय देतो आणि पुढचा ब्रेक भीत भीत किंवा अजिबातच वापरत नाही. प्रत्यक्षात ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या ब्रेककडे येते. हर्ट यांच्या अहवालात नेमके हेच नोंदले आहे : अपघाताच्या वेळी बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक गरजेपेक्षा फारच कमी वापरला; आणि बचावासाठी हाती असलेला वेळ सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी होता. दोन सेकंदांत नवे तंत्र सुचत नाही, सवयीचेच हात चालतात. म्हणून मोठ्या गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक एकदम न ओढता आधी हलका आणि मग भार पुढे सरकेल तसा वाढत्या दाबाने कसा लावायचा, हे कोरड्या, मोकळ्या जागी ताशी ३० किलोमीटरपासून सुरुवात करून, पुन्हा पुन्हा करून पाहायला हवे. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० या मालिकेतील गाडीवर एबीएस आणले आणि आता ते अनेक गाड्यांवर असते. ते चाक लॉक होऊ देत नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण ब्रेक उशिरा लावल्यामुळे वाया गेलेले मीटर ते परत देऊ शकत नाही.

थ्रॉटलच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर, लहान गाडीवर पूर्ण मनगट पिळूनच पिकअप मिळतो, तर मोठी गाडी बोटभर फिरवण्यालाही जोरकस प्रतिसाद देते. खड्ड्यावरून जाताना ताठ हातामुळे मनगट नकळत फिरते आणि गाडी झेपावते. मनगट किंचित खाली, कोपर सैल आणि टाकी गुडघ्यांनी धरलेली असेल तर हे टळते. थ्रॉटल एकदम सोडल्यावर मोठे इंजिन गाडीला जोरात मागे खेचते, हेही लक्षात ठेवावे, विशेषतः ओल्या रस्त्यावर गिअर खाली घेताना.

वळणांविषयी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. साधारण ताशी २० ते २५ किलोमीटरच्या पुढे मोटारसायकल डावीकडे वळवण्यासाठी हँडलची डावी बाजू पुढे ढकलावी लागते आणि उजवीकडे वळवण्यासाठी उजवी. प्रत्येक चालक हे नकळत करतच असतो. हलकी गाडी शरीराच्या कलण्यानेही वळत असल्यामुळे त्याला त्याची जाणीव नसते. जड गाडी अंग कलवल्याने पुरेशी वळत नाही, आणि वळण अपेक्षेपेक्षा अरुंद निघाले की घाबरलेला चालक हात ताठ करून बाहेरच्या कडेकडे पाहू लागतो व तिकडेच जातो. अडथळा चुकवण्यासाठी हँडल असे ढकलण्याचे कौशल्य अपघातग्रस्त चालकांत जवळजवळ नव्हतेच, हेही हर्ट यांनी नोंदवले आहे. माझ्या मते मोठी गाडी घेणाऱ्याने जाणीवपूर्वक शिकावी अशी ही पहिली गोष्ट आहे.

नवे टायर आरंभी निसरडे असतात आणि नव्या इंजिनासाठी पुस्तिकेत दिलेली, इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची (आरपीएम) मर्यादा पाळावी लागते. या दोन्ही कारणांनी पहिले काही शे किलोमीटर संथ जाणे तसेही आवश्यक असते. त्याच काळात मागे कोणाला बसवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

काही देशांच्या कायद्याने हा बदल टप्प्याटप्प्याने व्हावा अशी सोय केली आहे. युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून १२५ सीसी व ११ किलोवॉट इंजिनशक्तीपर्यंत, त्यानंतर ३५ किलोवॉटपर्यंत आणि शेवटी अमर्याद, असे परवान्याचे तीन वर्ग आहेत. मधल्या वर्गात दोन वर्षे काढलेल्याला सर्वांत मोठ्या गाडीचा परवाना तुलनेने कमी वयात मिळतो. जपानमध्येही ४०० सीसीवरील गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. जिथे एकच परवाना सर्व गाड्यांना चालतो, तिथे ही शिस्त चालकाने स्वतःला लावून घ्यायची असते आणि विक्रेत्याने तिला हातभार लावायचा असतो. गाडी ताब्यात देताना क्लच आणि ब्रेकचे लिव्हर ग्राहकाच्या बोटांच्या मापाने जुळवून देणे, नेहमीच्या बुटांसह त्याला सीटवर बसवून पाय टेकतात का हे पाहणे, आणि मोकळ्या आवारात जाणकार माणसाच्या देखरेखीखाली तासभर संथ वळणे व ब्रेकचा सराव करून घेणे, एवढे तरी विक्रेत्यांना शक्य असावे. चालक प्रशिक्षण संस्थांनीही, गाडी येत असलेल्यांसाठी केवळ मोठ्या गाडीचा असा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा.

मोठी गाडी लांबच्या प्रवासात स्थिर राहते, आडव्या वाऱ्याने कमी डगमगते, चालकाला कमी थकवते, आणि ती घेणाऱ्याचा आनंद मला पूर्णपणे मान्य आहे. तो मीही अनुभवतो आहे. आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच आहे की, नव्या मोटारसायकलींच्या परीक्षणात अश्वशक्ती आणि मायलेजच्या बरोबरीने इंधनासह वजन, सीटची उंची, वळण्यास लागणारी जागा, क्लच किती जड आहे आणि संथ वेगात गाडी किती सांभाळता येते, हेही नियमितपणे छापावे, आणि ते परीक्षण लहान गाडीवरून प्रथमच मोठ्या गाडीवर आलेल्या चालकाच्या दृष्टीनेही लिहून घ्यावे.

आपला,
एक मोटारसायकलस्वार वाचक