विषय: एका सेंटर बेअरिंगसाठी ५२ दिवस

ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

तुमच्या हेल्पलाइनचा सातवा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसलो.

माझी २०११ची व्हॅन कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. खाली ट्रकची चेसिस, मागे स्प्रिंगचे पाटे, ओढ मागच्या चाकांना. इंजिनची ओढ मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याला, प्रॉपेलर शाफ्टला, मध्ये धरणारं सेंटर बेअरिंग गेलंय, त्याचं रबर फाटलंय. ४०च्या पुढे गेलं की पायाखाली थरथर, आणि जनरेटरची ट्रॉली जोडून चढावर पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज. सर्व्हिस सेंटरने पूर्ण ॲडव्हान्स घेतला, आठ दिवसांत पार्ट येईल म्हणाले. आज ५२ दिवस झाले. मध्ये एक बेअरिंग आलं, पण त्याच्या ब्रॅकेटची भोकं चेसिसला जुळेनात. दुसऱ्याच मॉडेलचं होतं.

आता आजचं ऐका. तुमच्या बाई म्हणाल्या, "सर, हे मॉडेल सिस्टिममध्ये दिसत नाही. गाडी आमच्याच कंपनीची आहे का, खात्री करता का?" लालबागच्या गोडाऊनबाहेर, भर पावसात, मी वाकून चिंधीने चिखल पुसला आणि मोबाइलच्या उजेडात चेसिस नंबर वाचून दाखवला. १७ अक्षरं. "परत सांगाल का सर?" परत सांगितली. मग चार मिनिटं तुमच्या जाहिरातीचं गाणं. मग, "सर, गाडी जुनी झालीय, नवीन मॉडेल का नाही बघत? एक्सचेंज बोनस आहे." मी विचारलं, तिला ट्रॉलीचा हूक बसतो का? बाई म्हणाल्या, "हूक म्हणजे सर, कपडे अडकवायचा?"

हो बाई, मंडपवाल्याला शर्ट अडकवायचेत.

तुमच्या नव्या गाडीला वेगळी चेसिसच नाही आणि ओढ पुढच्या चाकांना. मागे मांडवाचे पाइप भरून शिवाय ट्रॉली जोडली, की पुढची चाकं हलकी होणार आणि ओल्या चढावर जागच्या जागी फिरणार. तुमच्या इंजिनिअरांना हे माहीत असणारच, फक्त विकणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

गणपती तोंडावर आलेत. जनरेटर पोचवायला भाड्याचा टेम्पो लावतोय, त्याचं भाडं माझ्या खिशातून जातंय. आणि ५२ दिवस माझा ॲडव्हान्स तुमच्याकडे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातून काढलेलं बेअरिंग मिळेल, पण ते किती दिवस चालेल कोण जाणे, आणि ओरिजिनलचे पैसे मी आधीच मोजलेत. माझ्या वडिलांकडेही तुमचीच गाडी होती. दुसऱ्या कंपनीकडे कधी बघितलं नाही, चुकलंच म्हणायचं.

आठ दिवसांत बेअरिंग आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सगळ्या पावत्या घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ही धमकी समजा किंवा नका समजू.

पाठवताना पार्ट नंबर बघून पाठवा. चुकीचं बेअरिंग अजून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच पडलंय, पार्ट घेऊन येणाऱ्याला ते परत न्यायला सांगा.

मंडप डेकोरेटर, लालबाग