रुतलेली गाडी ओढताना दोर कुठे अडकवावा?

महोदय,

पावसाळ्यात त्र्यंबक, पहिने, इगतपुरी भागात चिखलात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढताना दोर हाती लागेल तिथे अडकवला जातो. गेल्या पावसाळ्यात पहिन्याजवळ मी तो ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्याला बांधलेला पाहिला. हा गोळा ट्रेलरच्या संथ ओढीसाठी असतो; झटक्याने तो तुटला, तर ताणलेल्या दोरात साठलेली सारी ऊर्जा त्याला तोफगोळ्यासारखे फेकते आणि तो काच फोडून आतल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. ऑस्ट्रेलियात असे मृत्यू झालेले आहेत.

बंपर, स्टिअरिंगचा रॉड आणि गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी दिलेल्या कड्या याही चिखलातून ओढण्यासाठी नसतात. पुढे स्क्रूने बसवायचा हूक बहुधा बंद गाडी सपाट रस्त्यावर नेण्यापुरताच असतो. दोर अडकवावा तो थेट चॅसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) मजबूत बोल्टने जोडलेल्या, त्याच कामासाठी बनवलेल्या हुकाला. शॅकल (दोर हुकाला जोडणारी, पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) वापरल्यास त्यावर ३.२५ किंवा ४.७५ टन अशी भारक्षमता कोरलेली असावी. बघ्यांनी (आपल्याकडे ते नेहमीच दोराला खेटून उभे असतात) दोराच्या लांबीच्या किमान दीडपट दूर थांबावे.

विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देतानाच दोर अडकवण्याची ही जागा मालकाला दाखवावी, अशी विनंती आहे. मी विचारले, तेव्हा विक्रेत्यालाच ती पुस्तिकेत शोधावी लागली.

– एक वाचक, नाशिक