बाबा, आंबे राहू देत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा ‘बरंय’ म्हणतात आणि आईकडे फोन देऊन मोकळे होतात, म्हणून लिहायला बसले. दादा उद्या रात्रीच्या गाडीने निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. आई, बाबांसमोर मोठ्याने वाच.

बाबांच्या रक्ताचा दापोलीच्या लॅबचा रिपोर्ट पाहिला. कॅल्शियम ११.२ आहे, हवं साधारण १०.५ च्या आत. वरवर पाहिलं तर थोडंसंच वाढलेलं. पण त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन २.५ आहे. रक्तातलं बरंच कॅल्शियम या प्रथिनाला धरून असतं. प्रथिन घटलं की कॅल्शियमचा आकडा आहे त्याहून कमी दिसतो. अल्ब्युमिन ४ ला जितकं कमी पडेल त्याला ०.८ ने गुणून ते मिळवायचं असतं. तसं केलं की बाबांचं कॅल्शियम १२.४ येतं. मी दिवसभर लॅबमध्ये हेच आकडे बघते, पण हा आकडा बघून माझे हातपाय गळाले.

आई, तुला वाटतंय की वय झालं, त्यात हा उन्हाळा. तसं नाहीये गं. उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीतून दोनदा भरावा लागतो, लघवीला सारखं उठावं लागतं, इसबगोल घेऊनही पोट साफ होत नाही, माशाच्या आमटीकडे बघवत नाही. आणि नारळ मोजताना बाबा शंभराच्या आतच तीनदा चुकले, असं तू सांगितलंस. आयुष्यभर नारळ मोजणारा माणूस असा चुकत नाही. हे सगळं वाढलेल्या कॅल्शियमचं आहे.

बाबा, तुम्हाला झालेला मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या त्या ॲड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर मुळातच फार दुर्मीळ, वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा. त्यात असं कॅल्शियम वाढणं आणखी विरळा, म्हणून जवळपासच्या डॉक्टरांच्या चटकन लक्षात आलं नाही तर त्यांना बोल लावू नका. डॉक्टरांना संशय आहे तो असा: गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी एक हार्मोन सोडतात, त्याची नक्कल करणारा पदार्थ कॅन्सरच्या पेशी बनवतात. हाडं तो हुकूम खरा मानतात आणि आपलं कॅल्शियम रक्तात सोडत राहतात. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, अंग कोरडं पडतं, आणि रक्तातलं कॅल्शियम आणखी चढतं. नुसतं पाणी पिऊन हे आता आवरायचं नाही. सलाइन लावावं लागेल, मग हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं औषध, झोलेड्रॉनिक ॲसिड, शिरेतून देतील. त्याचा गुण यायला दोन ते चार दिवस लागतात. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी होऊ शकते. त्याआधी मूत्रपिंड कसं चाललंय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतील आणि दात तपासतील. ती हलणारी दाढ डॉक्टरांना आधीच दाखवा, लपवू नका.

आई, नाचणीची आंबील बंद करू नकोस, बाबांना तेवढंच जातंय. हे कॅल्शियम खाण्यातून आलेलं नाही, हाडांतून आलंय. पण शेजारच्या वहिनींनी गुडघ्यांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आजपासून बंद. बीपीच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठव. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर तीही बदलायला हवी, कारण ती कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस.

आणि हायड्रोकॉर्टिसोन. कॅन्सरवरची मायटोटेनची गोळी चालू असल्यामुळे उरलेली ग्रंथीही दबलेली आहे, शरीराला लागणारं स्टिरॉइड आता फक्त हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीतूनच मिळतं. संकष्टीचा उपास असो नाहीतर पोटात अन्न नसो, ती चुकवायची नाही. ती चुकली तर बीपी कोसळतं, शिवाय कॅल्शियमही वाढू शकतं. ताप आला तर डॉक्टरांनी लिहून दिलंय तसा डोस वाढवायचा. उलटीमुळे गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन लागतं, तेव्हा सकाळ व्हायची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा. बाबा गुंगीत वाटले, हाकेला नीट ओ देईनात, तरी तेच.

बाबा, आंबे उतरवायचे दिवस आहेत, डोळ्यांसमोर माल गळतोय, मला कळतं. पण डॉक्टरांशी मी बोलले. दोन दिवसांत भरती करा म्हणाले, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. बाग दादा बघेल, पेट्या भरून घेईल. त्याने सुट्टी काढलीय ती त्यासाठीच. झाडावरचे काही राहिले तर राहू देत. मला तुम्ही हवे आहात.

दादा पोचला की त्याच दुपारी निघा. खेडला गाडीत बसवायला तो येईल, दादरला मी असेनच. आई, फाइल, आधीचे सगळे सीटी स्कॅन, गोळ्यांचा डबा आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेव, ट्रंकेत नको.

तुमची,
सुमा