योजनांचे गणित आणि जनकाचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेतले विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. एका तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘प्रकाशाचा वेग वेदांत आधीच सांगितला आहे.’ खाली एक श्लोक, गणित आणि चोख उत्तर, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मी उभी हयात भौतिकशास्त्र शिकवले. उपनिषदेही वाचतो, श्रद्धेने वाचतो. म्हणूनच त्या तक्त्यापुढून माझा पाय निघेना.

मूळ ऋचा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली, सूर्याची : ‘तरणिर्विश्वदर्शतो ज्योतिष्कृदसि सूर्य’. तिच्यात आकडा नाही. तो येतो चौदाव्या शतकात सायणाचार्यांनी ऋग्वेदावर लिहिलेल्या भाष्यात, तोही परंपरेने चालत आलेला श्लोक म्हणून : अर्ध्या निमिषात २२०२ योजने चालणाऱ्या, तुला नमस्कार. (निमिष म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ; योजन हे अंतराचे जुने माप.) इथे चालतो तो सूर्य. किरणांचे नावही नाही. बरे, योजन केवढे? आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने दिला, म्हणजे योजन सुमारे १२ किलोमीटरचे. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात तोच व्यास १६०० योजने, म्हणजे योजन आठ किलोमीटरचे. निमिषाचेही तेच : पुराणांत १५ निमिषांची एक काष्ठा (काळाचे त्याहून मोठे माप), मनुस्मृतीत १८ची. पुराणांतले निमिष धरून सूर्यसिद्धान्ताच्या योजनाने वेग येतो सेकंदाला १ लाख ६५ हजार किलोमीटर, आर्यभटाच्या योजनाने अडीच लाख. तीन लाख हवे असतील तर योजन साडेचौदा किलोमीटरचे धरावे लागते. तेवढेच का धरायचे? उत्तर आधी ठाऊक असते म्हणून. प्रात्यक्षिकाच्या वहीत कुणी उत्तरावरून निरीक्षणे भरली, तर मी तो प्रयोग पुन्हा करायला लावत असे.

१६७६ साली रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेग असतो हे दाखवले. पृथ्वी गुरूपासून लांब जाऊ लागली की ग्रहणे उशिरा दिसत. त्यावरून निघालेला आकडा बराच कमी भरला, पण दुर्बीण असलेल्या कुणालाही तो पडताळता येत होता.

मला वाईट वाटते ते वेगळ्याच कारणाने. या आकडेमोडीच्या नादात आपण बृहदारण्यक उपनिषदातला जनक राजाचा प्रश्न मुलांना सांगायचा विसरतो. जनक विचारतो, माणसाला उजेड कशाचा? याज्ञवल्क्य ऋषी म्हणतात, सूर्याचा. तो मावळला तर? चंद्राचा. तोही मावळला तर? अग्नीचा. अग्नी विझला तर? वाणीचा, स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा होतो, तेव्हा माणूस आवाजाच्या रोखाने जातो. लहानपणी आमच्या गावात वीज नव्हती. परसात कंदील विझला की आईची हाक यायची, ‘हिकडं ये, डावीकडं दगड हाय.’ त्या हाकेवर मी उंबऱ्यापर्यंत पोचायचो. याज्ञवल्क्यांचे ते वाक्य पुढे वाचले तेव्हा हाच अंधार आठवला. जनक तिथेही थांबत नाही. वाणीही शांत झाली तर? तेव्हा कुठे आत्म्याचे नाव येते. पाच वेळा विचारल्यावर मिळालेले ते उत्तर किलोमीटरमध्ये कसे मोजायचे?

शाळांना हात जोडून विनंती आहे : तो तक्ता उतरवा. त्या जागी जनकाचा संवाद मुलांकडून वाचून घ्या. आणि एखाद्या रात्री त्यांना गच्चीवर नेऊन गुरूचे चंद्र दाखवा. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) नीट टेकवून धरली तरी चारही मोठे चंद्र दिसू शकतात.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा