शिक्षेच्या सुनावणीला उभं राहायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

निवृत्तीच्या कार्यक्रमात हार-तुऱ्यांच्या गर्दीत बोलायचं राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

संविधान आणि फौजदारी शिक्षा हे दोन विषय आपण कधी सुटे शिकवलेच नाहीत. सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असताना एकदा आपण फळ्यावर फक्त तारीख लिहिलीत : १२ जानेवारी १९३१. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या आम्हाला नावं पाठ होती, येरवड्यातली फाशीही ठाऊक होती. पण त्या काळी खुनाच्या खटल्यात फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणं न्यायाधीशाला लिहावी लागत, हे त्या दिवशी कळलं. १९५५ साली ती अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं तर पारडंच फिरवलं : फाशी द्यायची असेल तर खास कारणं लिहा. तिथून आपण १९८० च्या बच्चनसिंग निकालातल्या ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ कसोटीवर (फाशी फक्त अशाच खटल्यात) आलात, मग १९८३ च्या मिठू खटल्यावर. जन्मठेप भोगणाऱ्यानं खून केला तर दंडविधानाच्या कलम ३०३ खाली होणारी सक्तीची फाशी तिथे रद्द झाली. समोरच्या माणसाकडे न्यायाधीशाला बघूच न देणारा कायदा संविधानातल्या समानतेच्या अनुच्छेद १४ आणि जीविताच्या हक्काच्या अनुच्छेद २१ पुढे टिकत नाही, हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं समजलं.

वकिलीत मात्र सर्वांत कामी आली ती शिक्षेबाबतची सुनावणी. दोष सिद्ध झाला की बहुतेकदा ‘घरातला एकमेव कमावता आहे, दया व्हावी’ एवढ्यावर ती उरकते. आपण म्हणायचात, दया मागू नका, कागद आणा.

यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा चोरीत दोषी ठरला. वय एकवीसच्या आत. मी शाळा सोडल्याचा दाखला, आईचं विडी कामगार कार्ड आणि ‘परत कामावर घेतो’ अशी कारखानदाराची चिठ्ठी दाखल केली, आणि १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ६ खाली अधिकाऱ्याचा अहवाल मागवायची विनंती केली. अहवाल चांगला आला. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तो सुटला. आईला काही उमगेना. “म्हणजे आता घरी न्यायचं का ह्याला?” असं तिनं मला दोनदा विचारलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. आरोपीची बाजू लिहून झाली की आपण त्याच वहीत पीडिताच्या घरच्यांची बाजूही लिहायला लावायचात. ती सवय मी सोडलेली नाही.

आता १९७३ च्या संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. माझ्याकडचे ज्युनिअर आपल्या जुन्या टिपणांत नवे आकडे भरताहेत. एखाद्या शनिवारी येऊन ती तपासून द्याल का?

आपला विद्यार्थी,
सोलापूर न्यायालयातला एक वकील