अजिंठा व्हीआर संचाबाबत तक्रार: मुलांनी मान का हलवू नये, याचे लेखी उत्तर द्यावे

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
(कंपनीचे नाव व पत्ता लिफाफ्यावर लिहिल्याप्रमाणे)

विषय: नववीच्या वर्गासाठी खरेदी केलेला अजिंठ्याचा व्हीआर (आभासी वास्तव) शैक्षणिक संच परत घेऊन संपूर्ण रक्कम परत करणेबाबत.

महोदय,

गुरुवारी दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे जे बोलणे झाले, त्यानंतर पुन्हा दूरध्वनी करण्याची माझी इच्छा उरलेली नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील आमच्या शाळेने आपल्याकडून दहा हेडसेट आणि दोन वर्षांची वर्गणी मिळून ३,६०,००० रुपयांना घेतली. ही रक्कम मुंबईत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी जमवलेली आहे आणि खरेदीची शिफारस इतिहास शिक्षिका या नात्याने मी केली होती, त्यामुळे जाब द्यायचा तो मलाच द्यावा लागतो. आमच्या शाळेतून अजिंठ्याला सहल न्यायची म्हणजे जाण्यायेण्यातच दोन रात्री जातात आणि दर वर्षी निम्म्या पालकांना तो खर्च झेपत नाही, म्हणून हा उद्योग केला.

संच कसा चालतो हे आपणांस ठाऊक असल्याने वर्णन करत नाही. आपल्या माहितीपत्रकात मात्र 'लेण्यात पाऊल टाका, वाकून पाहा, भिंतीजवळ जा' असे म्हटले आहे, आणि त्यावरून कोणीही हेच समजेल की हेडसेट सिक्स-डॉफ आहे, म्हणजे मान वळवण्याबरोबर पुढे-मागे, वर-खाली सरकणेही तो ओळखतो. प्रत्यक्षात तो थ्री-डॉफ, म्हणजे फक्त मान वळवणे ओळखणारा, निघाला. मूल भिंतीकडे झुकले की भिंत तेवढीच मागे सरकते, जणू तिला स्पर्शाचे वावडे आहे. थ्री-डॉफ वाईट असते असे माझे म्हणणे नाही. जॉर्डनमधील झातारी निर्वासित छावणीवर संयुक्त राष्ट्रांसाठी २०१५ साली केलेला ३६० अंशांचा माहितीपट मी याच प्रकारच्या साधनावर पाहिला आहे. त्यात कॅमेरा एका जागी ठेवून प्रेक्षकाला आजूबाजूला पाहू दिले आहे, आणि छावणीतील बारा वर्षांची मुलगी आपल्याशीच बोलते आहे असे वाटत राहते. साधन साधे असले तरी चालते. ज्याने कथा सांगायची, त्याला त्या साधनाची मर्यादा कळलेली असावी लागते.

आपल्याला ती कळलेली नाही, असे सतराव्या लेण्याच्या चित्रफितीवरून दिसते. तीत कॅमेरा अकरा मिनिटे अखंड पुढे सरकत राहतो, दारातून आत, खांबांमधून, डावीकडच्या भिंतीलगत, आणि मूल बाकावर बसलेले असते. डोळे सांगतात की आपण चालतो आहोत आणि अंतर्कर्ण सांगतो की आपण बसलो आहोत. या भांडणात पोट हरते. पहिल्याच तासिकेला चौथ्या मिनिटापर्यंत सात मुलांनी हेडसेट काढून ठेवले आणि दोघांना उलट्या झाल्या. शिवाय भिंगे ६३ मिलिमीटरवर पक्की बसवलेली आहेत. ते सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या डोळ्यांतील अंतर झाले, चौदा वर्षांच्या मुलांचे बहुधा त्याहून कमी असते. संच 'शालेय' म्हणून विकताना ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसेल, तर कोणाच्या लक्षात यायला हवी होती, तेही कळवावे.

आता गुरुवारच्या संभाषणाविषयी. ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवले असल्याने त्यात माझी भर नाही. एकेचाळीस मिनिटे बासरी ऐकवल्यानंतर आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, "मॅडम, हेडसेट एकदा बंद करून चालू केलात का?" हेडसेट दहा असून दहाही बंद-चालू करून झाले आहेत, आणि हेडसेट उत्तम चालतात, मुलांना त्रास होतो, असे मी सांगितले. त्यावर थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला आणि पुढचा प्रश्न आला, "मुलांचं जेवण झालं होतं का?" झाले होते, असे सांगताच "मग त्यामुळेच असेल" असे निदान झाले. मुले उपाशी असती तरी हेच निदान झाले असते, याविषयी मला शंका नाही. मी वरिष्ठांची मागणी केली. वरिष्ठ आले, त्यांनी सर्व पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले, आणि शांतपणे उपाय सुचवला, "मॅडम, मुलांना सांगा, मान हलवायची नाही. सरळ समोर बघायचं. फिल्म आपोआप पुढे जाते."

महोदय, हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. १९६८ साली अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी संगणकाची चित्रे दाखवणारे, डोक्यावर बसवण्याचे जे पहिले साधन बनवले, ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे, आणि त्यात दिसायच्या त्या केवळ तारांच्या चौकटीसारख्या रेषा. पण एवढा खटाटोप त्यांनी का केला, तर पाहणाऱ्याने मान वळवली की समोरची आकृती त्याप्रमाणे बदलावी म्हणून. आपण ज्याला आभासी वास्तव म्हणून विकता, त्याचे सारे मूळ त्या मान वळवण्यात आहे. ती वळवायची नसेल तर आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, पांढरी भिंत आहे, आणि दोन्हींसाठी वर्गणी लागत नाही.

संभाषण इथेच संपले असते तरी मी कदाचित हे पत्र सौम्य शब्दांत लिहिले असते. परंतु फोन ठेवण्यापूर्वी वरिष्ठांनी विचारले, "शाळा गावाकडची आहे ना? मग मुलांना सवय नसते, मॅडम. होईल हळूहळू." ज्या मुलाला त्या दिवशी प्रथम उलटी झाली, तो सुट्टीत पहाटे वडिलांबरोबर मासेमारीच्या होडीवर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी समुद्र खवळलेला असतानाही त्याला कधी बोट लागलेली नाही. बोट लागते तीही याच कारणाने, फक्त उलट्या बाजूने: तिथे कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना कळत नाही. समुद्राची सवय असलेल्या मुलाला आपला कॅमेरा सोसला नाही, तर दोष मुलाच्या गावात शोधायचा की कॅमेऱ्यात, हे आपणच ठरवावे.

मला जे सर्वांत लागले आहे ते आता सांगते. अजिंठा हा विषय मी मुद्दाम निवडला होता. सतराव्या लेण्यातील जातककथा पुस्तकाच्या पानासारख्या डावीकडून उजवीकडे वाचता येत नाहीत. चित्रकारांनी अनेक ठिकाणी प्रसंग काळाच्या क्रमाने न मांडता स्थळाच्या क्रमाने मांडले आहेत: राजवाड्यात जे घडले ते एकीकडे, अरण्यात जे घडले ते दुसरीकडे, मग मधली वर्षे गेली असली तरी हरकत नाही. एकच राजपुत्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो आणि कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे पाहणाऱ्याने मागे फिरून, मान वर करून, पुन्हा परतून जुळवायचे असते. विश्वंतर राजपुत्राने सर्वस्व दान केल्याची कथा पाहताना मूल स्वतः शोधेल की हत्ती कुठे दिला आणि मुले कुठे दिली, ते सापडल्यावर दुसऱ्याला ओढत नेऊन दाखवेल, आणि दोघांत वाद होईल, अशी माझी कल्पना होती. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील त्या कारागिरांना पाहणाऱ्याच्या चारही बाजूंनी कथा कशी मांडावी हे पाचव्या शतकात उमगले होते. हे माध्यम अजिंठ्यासाठीच जन्माला आले की काय, असे मला वाटले होते, आणि आपण त्या भिंतीपुढून अकरा मिनिटांची फेरगाडी फिरवली, मुलाला कुठेही थांबता येत नाही, आणि वर निवेदक एक क्षणही गप्प बसत नाही.

निवेदनाविषयीही लिहिणे भाग आहे. 'मराठी निवेदन' या नावाखाली जे दिले आहे त्यात लेण्यांना सतत 'गुफा' म्हटले आहे. १८१९ साली ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ तिथे पोहोचला त्याला 'अजिंठ्याचा जन्म' म्हटले आहे, म्हणजे आधीची शतके लेणी बहुधा गर्भात होती. हे एक वेळ सोडून देता येईल. पण पद्मपाणी बोधिसत्त्व सतराव्या लेण्यात असल्याचे सांगितले आहे, ते सोडून देता येणार नाही. पद्मपाणी पहिल्या लेण्यात आहे. ही चूक मी जूनमध्ये लेखी कळवली, पोचपावती मिळाली, जुलैमध्ये आपले अपडेट आले, त्यात अक्षरांचा रंग बदलला होता आणि पद्मपाणी अजून सतराव्यातच मुक्कामाला होते. चित्रफितीनंतरच्या प्रश्नमंजुषेत हाच प्रश्न आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने बरोबर उत्तर दिले, त्यावर लाल फुली आणि भोंगा आला. हेडसेट काढून तिने मला विचारले, "बाई, पुस्तक चुकलंय की हे?" तिला मी उत्तर दिले. आपण अद्याप मला दिलेले नाही.

याखेरीज, प्रत्येक वेळी लॉगिनसाठी इंटरनेट लागते आणि पावसाळ्यात आमच्याकडे ते दिवसच्या दिवस नसते, हे खरेदीपूर्वीच सांगितले होते; तेव्हा 'ऑफलाइन प्रत देऊ' असे तोंडी आश्वासन मिळाले. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचे व्हीआर दर्शक आणले, पुढे वर्गांसाठी एक्सपिडिशन्स हे आभासी सहलींचे अ‍ॅप आणले आणि ते २०२१ मध्ये बंदही केले. असे होऊ शकते म्हणूनच मी ऑफलाइन प्रतीचा आग्रह धरला होता. ती आलेली नाही.

आता माझे म्हणणे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सर्व हेडसेट आपल्या खर्चाने परत न्यावेत आणि संपूर्ण रक्कम शाळेच्या खात्यात जमा करावी. बदली हेडसेट किंवा वर्गणीत वाढीव महिने नकोत. चुकीच्या वस्तूचे आणखी सहा महिने ही भरपाई होत नाही. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष सेवा यांबाबत आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रारदाराला स्वतःच्याच जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही पडत नाही, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच. तारखांना आपल्याला सिंधुदुर्गात यावे लागेल. वाटेत घाट आहे. मान हलवू नये.

शेवटचे वाक्य खोडावे असे वाटले होते, पण राहू देते. आपल्या कंपनीचे प्रात्यक्षिक मी पुण्यातील एका प्रदर्शनात पाहिले तेव्हा आपला तरुण सहकारी उत्साहाने म्हणाला होता की पुस्तकातला धडा मुलांच्या भोवती उभा राहील. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि माजी विद्यार्थ्यांपुढे तेच वाक्य बोलले.

आपली,
इतिहास शिक्षिका व सचिव, साहित्य खरेदी समिती

सोबत: देयकाची प्रत, माहितीपत्रकाचे पान, जूनमधील पत्राची पोचपावती.

ता. क. हेडसेट मूळ खोक्यांत भरून ठेवले आहेत. क्रमांक ४ आणि ९ यांच्या फोमची आवरणे त्या दिवशी उलटीने खराब झाली होती, ती आमच्या शिपाईमामांनी धुऊन वाळवली आहेत. तरीही 'ग्राहकाच्या हलगर्जीमुळे झालेले नुकसान' या कलमाखाली काही वजावट करावी असे कोणाच्या मनात आल्यास, त्यांनी आधी क्रमांक ४ डोळ्यांवर चढवून सतराव्या लेण्यातील अकरा मिनिटे मान न हलवता पुरी करावीत.