वखारींच्या मोजणीवह्या रद्दीत घालू नका

संपादक महोदय,

मिनेसोटातला लाकूड व्यापारी डॅनियल स्टँचफिल्ड 1847 साली रम नदीकाठची पाइनची जंगलं शोधत फिरला, ती फ्रँकलिन स्टीलच्या गिरणीसाठी. सेंट अँथनी धबधब्यावरची ती गिरणी 1848 मध्ये सुरू झाली. पुढे उतारवयात त्याने तिथल्या लाकूडतोडीचा इतिहास लिहून काढला, तो मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीने छापला. मुंबईच्या सागाचं नाव निघालं की आपण जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या जहाजांवर थांबतो. वखारीतला हिशेब कोण लिहिणार?

तो हिशेब किरकोळ नव्हे. 1863 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीवर सागाचे ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून ब्रह्मदेशच्या मंडाले दरबाराने 23 लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याचंच निमित्त करून 1885 मध्ये इंग्रजांनी युद्ध पुकारलं आणि तिथला थिबा राजा कैदी म्हणून रत्नागिरीला आला.

रे रोड, दारूखान्यातली वखार हलते तेव्हा गल्ल्याची वही सांभाळली जाते, मोजणीची वही मात्र रद्दीत जाते. खरी माहिती त्या वहीतच असते: ओंडक्याचा नंबर, घेर, लांबी, मालकाच्या हातोड्याचा ठसा. फक्त ती वाचायची कशी हे माहीत हवं. जुनं माप हॉपसचं, म्हणजे घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 6 फूट घेराचा 20 फुटी ओंडका वहीत 45 घनफूट लागतो, प्रत्यक्षात तो 57 च्या आसपास भरतो. करवतीखाली जाणारी घट मापातच धरलेली असे. अभ्यासक हा आकडा थेट घनमीटरमध्ये बदलतात आणि आयात पंचमांशाहून अधिक कमी दिसते. शिवाय ‘टन’ म्हणजे वजन नव्हे, 50 घनफूट. माप सालीसकट की साल काढून, हेही पाहावं लागतं.

वह्या असतील त्यांनी आधी गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. लॅमिनेशन अजिबात करू नये, ते पुन्हा सुटत नाही. पानं 300 डीपीआयवर रंगीत स्कॅन करावीत, नाहीतर लाल पेन्सिलीच्या खुणा शाईत मिसळून जातात. कोरी वाटणारी शेवटची पानंही घ्यावीत, ठशांची चित्रं बहुधा तिथेच सापडतात. कोणता ठसा कोणाचा, हे जुन्या मोजणीदाराला विचारून वेगळ्या कागदावर लिहावं आणि मगच मूळ वही राज्य पुरालेखागारात देण्याबाबत चौकशी करावी.

– लाकूड व्यापारातील काही जण, रे रोड, मुंबई